घनमीटरच्या शेजारी एक रकाना माणसाचाही ठेवा : जंगल कामगार संस्थांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, संचालक मंडळ आणि सर्व सभासद,
जंगल कामगार सहकारी संस्था, चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे
तसेच कूपकामाचे दर ठरवणारे वनखात्यातील अधिकारी

जय सेवा. जोहार.

पोळा तोंडावर आला आहे. रोवणी उरकली, माणसाला थोडी उसंत मिळाली, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो. 30 सप्टेंबरच्या आत तुमच्या वार्षिक सभा होतील. दिवाळी झाली की कूप, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेले जंगलाचे तुकडे, उघडतील, आणि एकदा कुऱ्हाडी चालू झाल्या की होळीपर्यंत कुणाला कुणाचं ऐकायला सवड नसते.

मी एकवीस वर्षं कूपात काढली. पहिली नऊ वर्षं करवतीच्या एका टोकाला, पुढची बारा मुकादम म्हणून. एका संस्थेचा सभासद होतो, एक मुदत संचालकही होतो. त्या संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. तिला बदनाम करण्यासाठी हे पत्र नाही, आणि तिथे घडलं ते दुसरीकडे घडत नाही असंही मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

फेब्रुवारीतला दिवस होता. बायकोचा धाकटा भाऊ माझ्याच टोळीत होता, वय तेवीस. सव्वाशे सेंटिमीटर घेराचा सागवान पाडायचा होता. खाच उथळ मारली गेली, झाड ठरलेल्या बाजूला न जाता फिरलं आणि शेजारच्या ऐनाच्या दुबेळक्यात जाऊन अडकलं. वरून माहूलवेलीने दोन्ही झाडांचे शेंडे एकमेकांना बांधलेले. बूड अजून बुडख्याला, म्हणजे जमिनीतल्या खुंटाला, थोडं चिकटून, शेंडा ऐनाच्या खांद्यावर, असं ते झाड तिरपं लटकत राहिलं.

अडकलेल्या झाडाखाली जायचं नाही, हे मला माहीत होतं. माझ्या बापाने मला ते शिकवलं होतं आणि मी टोळीतल्या पोरांना शिकवलं होतं. पण संध्याकाळी ट्रक यायचा होता, दिवसाची निम्मी झाडं बाकी होती, आणि मजुरी घनमीटरवर होती. मी म्हणालो, "त्या ऐनालेच घाव घाल ना, दोघंही संगंच खाली येतील."

ऐन खाली आला. सागवानाचं बूड मात्र बुडख्यावरून सुटून मागे उसळलं आणि त्याच्या कमरेत बसलं.

डेऱ्यात स्ट्रेचर नव्हतं. दोन बल्ल्यांना घोंगडी बांधून आम्ही त्याला तीन किलोमीटर रस्त्यापर्यंत नेलं. तिथून ट्रॅक्टर, मग एक जीप. झाड पडलं दुपारी बाराला. डॉक्टरांचा हात लागला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. तो वाचला. डावा पाय चार बोटं आखूड झाला, कूप सुटला, आता गावात शेळ्या राखतो.

पंधरा दिवसांनी माझ्यापुढे एक कागद आला. मोहफुलाच्या झाडावरून पडून अपघात झाला, असं त्यात लिहिलेलं होतं. मी त्यावर सही केली. का केली, तर हजेरीपटावर त्याचं नावच नव्हतं. टोळीची मजुरी माझ्या आणि आणखी दोन सभासदांच्या नावावर निघत होती, बाकीचे आमच्या मागे. खरं सांगितलं तर संस्था अडचणीत येईल, पुढच्या वर्षी कूप मिळणार नाही, गावाचं काम जाईल, असं मला समजावण्यात आलं आणि मी समजून घेतलं. त्या सहीची रुखरुख अजून गेलेली नाही.

एका गोष्टीकडे मात्र माझं लक्ष फार उशिरा गेलं. त्या ऐनाच्या बुंध्याला हातोड्याचा शिक्का नव्हता. तो तोडायचा नव्हताच. त्याचा बुडखा आम्ही पाल्याखाली झाकला. आणि तो सागवान, ज्याच्यासाठी हे सगळं झालं, तो बुडापासून सहा फूट उभा फाटला. आगारात त्याची प्रत उतरली, फाटका भाग जळाऊच्या बिटात, म्हणजे सरपणाच्या रचलेल्या ढिगात, गेला. म्हणजे माझ्या एका वाक्याने माणूस गेला कामातून, राखायचं झाड गेलं आणि मालही गेला. आपण या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या वहीत लिहितो. सुरक्षा म्हणजे खर्च, झाडं वाचवणं म्हणजे खात्याची कटकट, आणि माल म्हणजे आपला धंदा, असं धरून चालतो. कूपात उभं राहून पाहिलं तर तिन्ही एकाच घावावर ठरतात. हेच मला या पत्रात सांगायचं आहे.

घावाचंच आधी बोलतो. 120 सेंटिमीटर घेराच्या झाडाचा व्यास 38 सेंटिमीटरच्या आसपास भरतो. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूने व्यासाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी खाच घ्यायची, म्हणजे या झाडाला साधारण चार बोटं. मग मागून करवत लावायची, खाचेच्या तळापेक्षा थोडी वर. आणि करवत पार खाचेला भिडवायची नाही. मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकं, म्हणजे जेमतेम दोन बोटं लाकूड उभं ठेवायचं. ते लाकूड दाराच्या बिजागरीसारखं काम करतं. झाड त्याच्यावर वळत वळत खाचेच्या बाजूला जातं. बिजागरी कापून टाकली की झाड कुठेही जातं. खाच नसली किंवा उथळ असली की खोड उभं फाटतं, आणि फाटलेलं बूड तोडणाऱ्याच्या छातीवर येतं. जो घाव माणसाला मारतो तोच लठ्ठा फाडतो, यात योगायोग काही नाही. लाकडातला ताण वाट शोधतो. त्याला आपण वाट करून दिली नाही तर तो स्वतःची करून घेतो.

मागून करवत आत गेली की पाचर ठोकायची, म्हणजे झाड करवतीवर बसत नाही आणि मागेही येत नाही. आणि घाव घालण्याआधी पळायची वाट साफ करायची. पडीच्या बाजूच्या उलट, पण सरळ मागे नाही, तिरपी. सरळ मागे पळणाऱ्याच्या मागे बूड येतं. ही वाट साफ करायला दहा मिनिटं लागतात. वेली आधी तोडायच्या असतात. त्या आदल्या हंगामात तोडून ठेवल्या तर वर्षभरात वाळतात आणि शेंडे सुटे होतात. माहूलच्या पानांवर कित्येक घरांच्या पत्रावळी चालतात, म्हणून सरसकट नको, फक्त शिक्का मारलेल्या झाडांवरच्या. तेवढ्याने झाड अडकायचं प्रमाण कमी होतं, आणि पडताना ते शेजारच्या बीजा-धावड्याचा शेंडा ओढून मोडत नाही.

आता बुडखा. सागवान हा खोडव्याने येणारा. जमिनीलगत, गुळगुळीत, पाणी निथळेल असा थोडा उतरता कापलेला बुडखा जोमाने फुटतो. उंच, चिरफाळलेला, साल सोललेला बुडखा कुजतो, त्याचे फुटवे वाऱ्याने निखळतात. पुढच्या पिढीचं जंगल आपण बुडख्यातच ठेवतो किंवा मारतो. आणि पैशाचं म्हणाल तर तुम्ही सगळे चौथाई घेराचा हिशोब डोळे मिटून करता : घेराचा चौथा हिस्सा, त्याला त्यानेच गुणायचं, मग लांबीने. 120 सेंटिमीटर घेराचं झाड एक फूट उंच कापलं, तर 0.30 गुणिले 0.30 गुणिले 0.30, म्हणजे 0.027 घनमीटर बुडख्यातच राहिलं. एका कूपात अशी पाचशे झाडं धरा. साडेतेरा घनमीटर सागवान, तोही बुडाचा, सगळ्यात जाड, आपण जंगलात कुजायला सोडून येतो.

मग आपली माणसं उंच का कापतात? आळस म्हणून नाही. खाली वाकून, उकिडवं बसून करवत ओढली तर वेळ जास्त लागतो आणि झाड हललं की पटकन उठता येत नाही. ज्याने भोवतालचं झुडूप साफ केलेलं नाही, पळायची वाट केलेली नाही, त्याला खाली बसायची भीती वाटते, आणि ती भीती बरोबर आहे. त्याला वाट करायला वेळ द्या, तो बुडखा खाली घेईल.

हा वेळ कुठून येणार, हा खरा प्रश्न. एक टोळी दिवसाला बारा झाडं पाडते असं धरू. झाडामागे दहा मिनिटं वाट साफ करायला म्हटली तरी दोन तास झाले. आजच्या दरात त्या दोन तासांचा एक पैसा नाही. दर आहे तो पडलेल्या, मोजलेल्या, थप्पीला लागलेल्या घनमीटरचा. म्हणजे जो माणूस नीट काम करतो त्याची मजुरी आपण कापतो, आणि जो जिवावर उदार होतो त्याला बक्षीस देतो. मी मुकादम असताना पोरांना रोज सांगायचो, "सांभाळून रे." आज वाटतं, माझ्या त्या "सांभाळून"ला काही अर्थ नव्हता. दर त्यांना दुसरंच सांगत होता.

म्हणून वनखात्याच्या अधिकाऱ्यांना हात जोडून सांगतो : दरपत्रकात झाड तोडण्याच्या आधीच्या कामाची स्वतंत्र बाब घाला. वेली तोडणे, बुंध्याभोवतीची आणि पळवाटेची सफाई. अडकलेल्या झाडाचीही वेगळी बाब असू द्या. झाड अडकलं की टोळीने तिथून हटायचं, खूण बांधायची, दोर-कप्पी किंवा ट्रॅक्टर येईपर्यंत दुसरीकडे काम करायचं, आणि त्या खोळंब्याची मजुरी मिळायची. हा नियम त्या दिवशी असता तर मी ते वाक्य बोललो नसतो. मी चांगला माणूस होतो की वाईट, याचा त्यात संबंध आला नसता.

आता थोडं मागचं, कारण आपल्या पोरांना आपल्या संस्था कुठून आल्या हे माहीत नाही. 1945 साली ठाणे जिल्ह्यात, तलासरी-उंबरगाव पट्ट्यात, वारल्यांनी वेठबिगार नाकारली. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्या सोबत उभे राहिले. गवत कापणीच्या मजुरीवरून सुरू झालेला तो लढा पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या मजुरीपर्यंत गेला. लाकडाचे व्यापारी आणि ठेकेदार तेव्हा आदिवासींना कसे राबवून घेत, याची चौकशी त्याआधी सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने सरकारसाठी केली होती. बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री असताना, 1947 च्या सुमारास, ठेकेदाराऐवजी कामगारांच्याच सहकारी संस्थांना कूप द्यायला सुरुवात झाली. आमचा चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, तेव्हा मध्य प्रांतात होता, त्यामुळे ही रीत आमच्याकडे नंतर पोचली. पण मूळ एकच : मधला माणूस काढा, जो झाड तोडतो तोच मालक होऊ द्या.

ठेकेदार कागदावरून गेला. कूपात मात्र आजही असा माणूस सापडतो ज्याचं नाव सभासदांच्या यादीत नाही आणि हजेरीपटावरही नाही. सभासद एक, काम करणारा दुसरा. छत्तीसगडकडून आलेली टोळी असेल तर तिचा मुकादमच तिचा मालक. संस्था आपली आहे असं आपण म्हणतो खरं, पण अपघात झाला की तोडणारा कुणाचाच नसतो. सहकार याच्यासाठी आला नव्हता.

हजेरीपटावर नाव असणं किती मोलाचं, ते हिशोबाने सांगतो. कामगार भरपाईचा जुना कायदा 1923 चा, शंभर वर्षांपूर्वीचा. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत झाडं तोडण्याचं काम नाव घेऊन लिहिलेलं होतं. कंत्राटदाराच्या माणसाची जबाबदारी मूळ काम देणाऱ्यावरही टाकणारं कलम त्यात होतं. नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही हिशोबाची तीच रीत ठेवली आहे : मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीचा अर्धा भाग, त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या अंकाने गुणायचं. चाळीस वर्षांच्या माणसासाठी तो अंक 184.17 आहे. महिन्याला 12,000 रुपये मजुरी धरली तर 6,000 गुणिले 184.17, म्हणजे 11 लाख 5 हजार 20 रुपये. हा त्याच्या घरच्यांचा हक्क आहे. पण तो त्या कूपात त्या दिवशी कामावर होता, एवढं तरी कागदाने सांगितलं पाहिजे. आपल्याकडे कागद गप्प बसतो, नाहीतर मोहाच्या झाडाची गोष्ट सांगतो.

आणखी एक बोलायला जड जाणारी गोष्ट. आमच्या भागात वाघाने माणूस मारला तर सरकार 25 लाख रुपये देतं. ते द्यायलाच हवेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. 2021 पासून आमच्याकडे रानटी हत्तीही आले आहेत आणि कूपातली माणसं रोज जीव मुठीत धरून आत जातात. पण त्याच जंगलात, त्याच दिवशी, दोन बाया विधवा होतात. एकीच्या नवऱ्याला वाघाने नेलं, दुसरीचा झाडाखाली गेला. पहिलीच्या घरी पंचनामा होतो, अधिकारी येतात. दुसरीच्या घरी संस्थेतून वर्गणी जाते. झाड तर सरकारचं, शिक्का सरकारचा, माल सरकारी आगारात जाणार. मग ही दुसरी बाई कुणाच्या दारात जाईल?

29 मार्च 2023 ला बल्लारपुरातून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान निघाला. काष्ठपूजन झालं, मिरवणूक निघाली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते. आमच्या जंगलाचं लाकूड इतक्या मोठ्या कामाला जातं याचा मला फार आनंद झाला. मीही हात जोडले. हात जोडताना मनात आलं, ज्या दोघांनी करवतीच्या दोन टोकांना बसून ती झाडं पाडली असतील त्यांची नावं कुठे लिहिलेली असतील का? झाडाचा घेर, लांबी, क्रमांक, सगळं लठ्ठ्याच्या तोंडावर ठोकलेलं असतं.

ही नोंद ठेवण्याची सवय मला फार महत्त्वाची वाटते. आमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालात माल तीन दशांशापर्यंत लिहिला जायचा. अमुक इतके घनमीटर, पूर्णांकानंतर तीन आकडे. बिटं किती, बल्ल्या किती, तुटफूट किती. जखमी किती, हा रकानाच नव्हता. जे मोजत नाही ते घडतच नाही, असं आपण वर्षानुवर्षं मानत आलो. अमेरिकेत हे मोजतात. तिथे 2022 साली लाकूडतोडीच्या धंद्यात दर लाख कामगारांमागे 100.7 माणसं कामावर मेली, सगळ्या धंद्यांची मिळून सरासरी होती 3.7. यंत्रं आहेत, हेल्मेट आहेत, प्रशिक्षण आहे, तरीही सत्तावीस पट. आणि आपण स्लीपर घालून, उघड्या डोक्याने तेच काम करतो. आपला आकडा कमी असेल असं समजायला कोणता आधार आहे?

चेन सॉबद्दल थोडं. गेल्या काही वर्षांत पोरांच्या हातात ही यंत्रं आली. काम झपाट्याने होतं, करवतीने अर्धा तास जातो तिथे पाच मिनिटं. पण ती शिकवली कुणी? एकाने दुसऱ्याचं पाहिलं, दुसऱ्याने मोबाइलवर. पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की यंत्र उलटा झटका मारून तोंडाकडे येतं, हे कित्येकांना तो झटका बसल्यावरच कळतं. साखळी थांबवणारा ब्रेक मोडलेला असतो किंवा अडचण होते म्हणून काढून ठेवलेला असतो. कानाशी शंभर डेसिबलच्या वर आवाज असतो, आणि त्या आवाजात "सरक" म्हणून मारलेली हाक ऐकू येत नाही. कुऱ्हाडीच्या काळात झाड कडकडलं की कान सावध व्हायचा, तो कानच आता गेला. हिवाळ्यात बोटं बधिर होतात, पांढरी पडतात. पोरं म्हणतात थंडीने. ते यंत्राच्या कंपनाने होतं. आणि वेग वाढला तसा दर उतरवायची भाषा सुरू होते. यंत्र आणा, माझा विरोध नाही. पण यंत्रासोबत पायाला संरक्षण देणारी पँट, बूट, कानाचं आवरण आणि डोळ्यांपुढे जाळी असलेलं हेल्मेट संस्थेने घेऊन द्यावं, आणि शिकल्याशिवाय कुणाच्या हातात यंत्र देऊ नये. 1974 पासून आपल्या राज्यात वनविकास महामंडळ आहे, वनखात्याच्या प्रशिक्षण शाळा आहेत. चार दिवसांचा वर्ग कूपातच, उभ्या झाडावर घेता येईल. जुन्या करवतवाल्यांना शिकवायला बोलवा. खाच आणि पाचर त्यांच्याइतकी कुणाला कळत नाही, आणि आज ते घरी बसून आहेत.

दोन टोळ्यांमधलं अंतर हीसुद्धा अशीच साधी बाब. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1998 साली वनकामाच्या सुरक्षेची नियमावली छापली. तोडणाऱ्यापासून बाकीच्यांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट दूर राहावं, असं ती सांगते. वीस मीटरचा सागवान असेल तर चाळीस मीटर. आपल्याकडे टोळ्या गप्पा मारता येतील इतक्या जवळ काम करतात, आणि फांद्या गोळा करून बिट रचणाऱ्या बाया तर झाड पडताच धावत येतात, कारण त्यांचीही मजुरी बिटावर. दुसरं झाड शेजारीच अर्धं कापलेलं उभं असतं. कूप नकाशावर पट्ट्यांत वाटून द्या. आज या पट्ट्यात तोड, बायांचं काम कालच्या पट्ट्यात. याला पैसा लागत नाही, मुकादमाने सकाळी अर्धा तास डोकं लावावं लागतं. चढ-उताराच्या कूपात तर हे आणखी जरुरीचं, कारण लठ्ठा सुटला की खालपर्यंत घरंगळत जातो. तीच पट्ट्यांची आखणी असेल तर ट्रॅक्टरची वाटही आधीच ठरते. नाहीतर ट्रॅक्टर जिथून सापडेल तिथून घुसतो, नाल्याच्या पात्रातून लठ्ठे ओढतो, आणि पावसाळ्यात त्याच चाकोऱ्यांतून माती वाहून नाल्यात बसते. नाल्याकाठची झाडं आणि पात्र याला हात लावायचा नाही, हे आपल्याला पाठ आहे. तरी मार्च महिन्यात घाई झाली की तोच सोपा रस्ता वाटतो. मीही कित्येकदा तिकडूनच माल काढलाय.

ट्रक भरणं, डेऱ्यातलं पाणी, मलेरिया, बायांसाठी आडोसा, यावर लिहायला बसलो तर आणखी एक पत्र होईल. एवढंच म्हणतो की ट्रकवर लठ्ठा चढवताना खालच्या बाजूला माणूस उभा करू नका, आणि डेऱ्यावर मच्छरदाण्या द्या. गडचिरोलीत राहून मलेरियाचं मी तुम्हाला सांगायला नको.

माझी मागणी अशी आहे की येत्या सभेत प्रत्येक संस्थेने ठराव करावा. कूपात पाय टाकणाऱ्या प्रत्येकाचं नाव, तो सभासद असो नसो, इथला असो की छत्तीसगडचा, त्याच दिवशी हजेरीपटावर चढेल आणि मजुरी त्याच्याच खात्यात जाईल. हजेरीपटाची एक प्रत गावाच्या ग्रामसभेत राहील. आमच्याच जिल्ह्यात लेखा-मेंढ्याच्या ग्रामसभेने 2011 साली बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हातात घेऊन दाखवला. जी ग्रामसभा बांबूचा हिशोब ठेवू शकते ती माणसांचाही ठेवेल. कूप चालू असेपर्यंत एक वाहन कूपाच्या तोंडाशी उभं राहील, डेऱ्यात स्ट्रेचर असेल, आणि मोबाइलची रेंज कुठल्या टेकडीवर येते हे प्रत्येकाला माहीत असेल, म्हणजे 108 ला फोन लावायला कुणाला रान पालथं घालावं लागणार नाही. आणि अहवालात घनमीटरच्या शेजारी एक रकाना राहील : जखमी किती, मृत किती, कशाने. शून्य असेल तर शून्य लिहा. पण खरं शून्य लिहा.

खर्चाची चिंता करणाऱ्या सचिवांना बुडख्यातल्या साडेतेरा घनमीटरची आठवण देतो. फाटलेल्या लठ्ठ्यांची उतरलेली प्रत त्यात धरलेलीच नाही. एका वर्षी एका कूपात करून बघा. बुडख्यांची उंची मोजा, फाटलेले लठ्ठे मोजा, मोडलेली राखीव झाडं मोजा, आणि मग सांगा.

माझ्या बायकोच्या भावाला मी हे पत्र वाचून दाखवलं. त्या कागदाचं लिहू की नको, असं विचारलं. तो म्हणाला, "लिव्ह. पण ऐनाचंही लिव्ह." इतक्या वर्षांनीही त्याला तो बिनशिक्क्याचा ऐन आठवतो.

आमच्या संस्थेच्या सभेची नोटीस आली की आम्ही दोघं येणार आहोत. ठरावाचा मसुदा मी लिहून ठेवला आहे, दीड पान आहे. बाकीच्या संस्थांना हवा असेल तर त्याच्या प्रती काढून ठेवतो. ताळेबंद मंजूर झाल्यावर "आयत्या वेळचे विषय" येतात आणि तोवर निम्मी माणसं उठून जेवायला गेलेली असतात. हा विषय त्याआधी घ्यावा, एवढी विनंती.

आपला,
एक माजी मुकादम
अहेरी तालुका, जिल्हा गडचिरोली